मदत हवी आहे: शेती संरक्षण परवान्यावरील ठासणीची बंदूक नेमबाजीसाठी वापरता येईल का?

नमस्कार. आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात असून वडिलांकडे शेती संरक्षण परवान्यावरची एकनळी ठासणीची बंदूक आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षे असले, तर 2016 च्या शस्त्र नियमांतील नियम 25 नुसार त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मिळू शकतो. त्याप्रमाणे माझ्या नावाने अर्ज करायचे ठरले आहे. मात्र मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. "शेती कसत नाही, मग बंदूक कशाला?" असे चौकशीत अधिकाऱ्यांनी विचारले, आणि त्यांच्या जागी मीही तेच विचारले असते.

मला रानडुकरे मारायची नाहीत, निशाणावर नेम धरायचा आहे. बंदुकीची दारू मापून नळीत ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, छर्रे सोडून पुन्हा बोळा ठासायचा आणि मग केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवायची, एवढे केल्यावर एक बार निघतो. त्यानंतर नळी गरम पाण्याने धुतली नाही, तर काजळी ओल धरते आणि कोकणच्या हवेत लगेच गंज चढतो. ब्रिटनने 1997 साली पिस्तुलांवर बंदी घातली तेव्हाही ठासणीच्या हत्यारांना त्यातून वगळले होते. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे तो पीक संरक्षणापुरता. त्याच कलमात, किमान वीस इंच लांबीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीला संरक्षण किंवा खेळ यांसाठी परवाना देण्याची तरतूद आहे. आमची नळी गुळगुळीत आहे आणि वीस इंचांहून बरीच लांबही आहे. मग 'खेळ' या कारणाखाली अर्ज केल्यास तो टिकेल का? कोणाला असा परवाना मिळाला आहे का?

2020 च्या दुरुस्तीनंतर दुर्मीळ जुनी हत्यारे विनापरवाना बाळगता येतात, पण वापरायला किंवा बाहेर न्यायला परवाना लागतोच, त्यामुळे ती वाट माझ्या उपयोगाची नाही. दारू आणि केप परवानाधारक विक्रेत्याकडे सध्या कुठे मिळतात, हेही कळवावे. निवडणुकीत बंदूक जमा करण्यातून सूट कोणी मिळवली असल्यास अर्जाचा मसुदा द्यावा. 2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली ती 15 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन भातकापणीत, आणि तेव्हा वडिलांना बंदुकीची खरोखरच गरज होती.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातील अनुभव असल्यास उत्तम. घरी दारू तयार करण्याचे सल्ले मात्र कृपया देऊ नयेत.