जुन्या विटकामातल्या सिमेंटच्या दरजा काढताना विटेची कड कशी वाचवावी?

दगडी_चौथरा

वाईतल्या जुन्या वाड्याची पश्चिमेकडची भिंत आहे. चौथरा काळ्या दगडाचा, वर पातळ विटा. वीट साधारण ४५ मिमी जाड, दरज (दोन विटांमधली मालाने भरलेली फट) १० मिमी. मूळ काम चुन्यातलं, पण वरून कधीतरी सिमेंटने दरजा भरल्यात. आता सिमेंटची पट्टी जशीच्या तशी उभी आहे आणि तिच्या दोन्ही अंगांच्या विटा झडून खोलगट झाल्यात. गवंडी म्हणतो, चार इंची ग्राइंडरने सगळं झटपट मोकळं करून देतो. करू द्यावं का? किती खोल काढायचं? नंतर पाण्याच्या जेटने धुतलं तर चालेल का?

थापी_ओळंबा

उभ्या दरजेत ग्राइंडर अजिबात नको. हिशेब करून बघा. १०० मिमी व्यासाची चकती २० मिमी खोल गेली की भिंतीच्या तोंडावर ८० मिमी लांब चीर पडते. तुमची वीट ४५ आणि वरखालच्या दरजा १०-१०, म्हणजे जागा फक्त ६५ मिमी. उरलेले १५ मिमी वरच्या आणि खालच्या विटेत जाणार. प्रत्येक उभ्या दरजेपाशी दोन विटांना ७-८ मिमीच्या खाचा! त्या पुन्हा बुजवता येत नाहीत, आणि पावसाचं पाणी नेमकं तिथेच मुरतं.

आडव्या दरजेत ग्राइंडर चालेल, पण दरजेच्या अगदी मधोमध एकच चीर, तीही पातळ चकतीने. सरळ लाकडी पट्टी भिंतीला घट्ट धरून तिच्या आधाराने चालवा आणि चकती विटेपासून दोन्हीकडे ३ मिमी तरी लांब ठेवा. चिरेचं काम एवढंच, की सिमेंटला आत मोडायला जागा मिळावी. बाकीचं हातानेच: पातळ चपटी छन्नी, दरजेच्या निम्म्या रुंदीची, आणि हलकी हातोडी. घाव चिरेच्या दिशेने, म्हणजे विटेकडून मधल्या पोकळीकडे. छन्नी विटेच्या कडेवर टेकवून उचकटायची नाही. कड तिथेच उडते.

आडव्या दरजा मोकळ्या झाल्यावर उभ्या घ्या. त्यांच्या वरच्या किंवा खालच्या टोकापासून सुरुवात केली की तुकडा सुटून आडव्या दरजेत पडतो. इथे ऑसिलेटिंग मल्टिटूलचं (पातं फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरतं ते यंत्र) कार्बाइड पातंही चांगलं चालतं.

खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट, तुमच्याकडे २० ते २५ मिमी. तळ चौकोनी हवा. आत निमुळती होत गेलेली खाच ठेवली तर नवा माल कडेला कागदासारखा पातळ राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात सुटतो.

चुना_सुरखी

वरच्यांशी सहमत, पण त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे: काय काय काढायचं? विटा झडल्या, त्या सिमेंटमुळेच. भिंतीतली ओल पूर्वी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडायची. तो रस्ता बंद झाल्यावर ती विटेतून पडते, आणि बरोबरचे क्षार विटेच्या तोंडामागे जमून तिचे पापुद्रे काढतात. म्हणून सिमेंट जायलाच हवं, पण विटेची किंमत देऊन नव्हे.

आधी कोपऱ्यात, सहज नजरेत न येणाऱ्या जागी, एक चौरस मीटरवर करून बघा. सिमेंट तुकड्यांनी निघतंय आणि विटेची कड शाबूत राहतेय, तर पुढे जा. सिमेंटबरोबर विटेची भाजलेली कात, म्हणजे बाहेरची कडक साल, येत असेल, तर तेवढा भाग सोडून द्या. विटेची ती कात एकदा गेली की आतला मऊ भाग उघडा पडतो. घट्ट बसलेलं सिमेंट पुढे कधी आपोआप सैल झालं, तर तेव्हा काढता येईल. जिथे मूळ चुना उघडा आहे आणि नखाने किंवा खिळ्याने ओरखडल्यावर भुगा होत नाही, तिथे तर हातच लावू नका. भिंत एकसारखी दिसावी म्हणून चांगला चुना उकरणं, हे मला सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

सिमेंट सैल करायला ॲसिड वापरायचं नाही. ते चुना खातं आणि मागे क्लोराइडचे क्षार ठेवतं.

धुळीचंही बघा. वाळूतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते, तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. छन्नीच्या कामाला निदान एन-९५ मास्क. ग्राइंडर चालवायचा तर त्याला धूळ ओढणारा व्हॅक्यूम लावा आणि त्याहून वरच्या दर्जाचा मास्क वापरा. डोळ्यांना बंद चष्मा.

दगडी_चौथरा

आभार. नमुन्यापुरतं एका जागी काढून पाहिलं. सिमेंटमागे बोटभर चुना आणि त्यामागे फिकट माती निघतेय, नुसत्या बोटानेही पडते. हे असंच असतं का?

थापी_ओळंबा

हो, ती पांढरी माती. बाहेरून चुना आणि आतलं बांधकाम पांढरीत, असं अनेक वाड्यांत असतं. म्हणून जेट पूर्ण बंद. जोराचं पाणी ती माती वाहून नेईल आणि विटा आतून पोकळ्यांवर बसतील. मऊ कुंचल्याने वरून खाली झाडा, व्हॅक्यूमने ओढा, मग हातपंपाने बारीक फवारा मारा. दरज ओलसर हवी, तिच्यात पाणी साचलेलं नको.

मातीपर्यंत पोचलात की २५ मिमीच्या मापासाठी आणखी उकरू नका. एका वेळी मीटरभर पट्टाच उघडा, तो भरला की पुढचा. भिंतीच्या दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. छन्नी लाकडावर आदळल्यासारखी वाटली तर थांबा. भिंतीत तुळई किंवा खांब असू शकतो.

चुना_सुरखी

भरायला मुरवलेला चुना १, बारीक सुरखी (भाजक्या विटांची पूड) १, चाळलेली वाळू २. सर्वात मोठा कण दरजेच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको, म्हणजे तुमच्याकडे ३ मिमीची चाळणी. सिमेंट मूठभरही मिसळू नका. ६ ते ८ मिमीचे थर द्या. आधीच्यात अंगठा रुतेनासा झाला की पुढचा. माल विटेच्या झिजलेल्या कडेवर पसरू द्यायचा नाही, किंचित आत ठेवा. पश्चिमेचं ऊन आहे, तेव्हा ओलं गोणपाट निदान आठवडाभर लोंबतं ठेवा, भिंतीला चिकटवून नाही. पाऊस संपून भिंत वाळली की काम काढा, उन्हाळ्याच्या आत आटपा.