'एओई टू' खेळणारे स्मरणरंजनाचे पेशंट आहेत म्हणे

महालातला नाना:
परवा 'कूलरची हवा' यांनी इथं लिहिलं, की 'एज ऑफ एम्पायर्स टू' (एओई टू) हा कॉम्प्युटरवरचा लढाईचा गेम अजून खेळत बसणारे चाळिशीतले लोक म्हणजे स्मरणरंजनाचे पेशंट. गेम कधीचाच मेला, हे लोक त्याच्या नावाखाली आपलं कॉलेज उकरत बसतात. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. रात्री दीडपर्यंत झोप लागली नाही, तर आता सगळं ऐका.

कॉलेज मला उकरायचं नाही. सेकंड इयरला माझे दोन विषय राहिले होते आणि मे महिन्यात ४६ डिग्रीत मी गणिताचा एम-थ्री घोकत होतो. ते परत कोण मागेल?

गेमचं बोला. सुरुवातीला तीन विलेजर म्हणजे कामकरी, एक स्काउट म्हणजे टेहळ्या, आणि एक टीसी म्हणजे टाउन सेंटर, जिथून नवे विलेजर निघतात. विलेजरला ५० फूड आणि २५ सेकंद. १९९९ ला हेच होतं, आजही हेच आहे. पहिल्या पाच मिनिटांत मेंढ्या शोधायच्या, डुक्कर अंगावर घेऊन टीसीपर्यंत पळवत आणायचं, घर टाकायचं, लाकडावर माणसं लावायची, आणि एवढ्यात टीसी एक सेकंदही रिकामा बसू द्यायचा नाही. लाकूड-सोनं नकाशात भरपूर असतं, पुरत नाही ते आपलं लक्ष. ते कुठं खर्च करायचं हे मी वीस वर्षं शिकतोय आणि अजून आलेलं नाही. म्हणून खेळतो.

दुसरं म्हणजे हरलो तर का हरलो ते सापडतं. गेल्या आठवड्यात बेदम मार खाल्ला. रेकॉर्डेड गेम लावून बघितला, तर डुकराचं मांस संपल्यावर तीन विलेजर दीड मिनिट नुसते उभे. सैन्य नंतर हरलं, मी तिथंच हरलो होतो.

आणि नवे गेम? लॉगिन केलं की नाणी, सात दिवस केलं की पेटी, पेटीत टोपी. माझ्या फोनमधला एक गेम मला रात्री मेसेज पाठवतो, 'तुमचे सैनिक तुमची वाट बघत आहेत'. एओईतला विलेजर काम संपलं की गुपचूप उभा राहतो. त्याच्याकडे बघायचं काम माझं.

बाकी चॅटमध्ये नंबर टाकला की गेम ठरलेला आवाज काढतो, तर ११ दाबून खदाखदा हसणारे आणि लॉबीत बसून १४, १४ करत 'स्टार्ट द गेम ऑलरेडी' ऐकवणारे आजही आहेत. ते पेशंट असतील, मी नाही.

कूलरची हवा:
'पेशंट' मागे घेत नाही. एवढं लांब पेशंटच लिहितो.

मीही खेळलोय साहेब, तासाला वीस रुपये मोजून, म्हणून बोलतो. तेरा सिव्हिलायझेशन म्हणायचे, आणि चिनी असो की सारासेन, नाइट सगळ्यांचा तोच युरोपातला चिलखतवाला. दुकानांच्या पाट्या वेगळ्या, माल एकाच गोदामातला. तीस घोडे एका दारातून काढून दाखवा. दहा बाहेर, दहा आत, दहा भिंतीला वळसा घालून शत्रूच्या टीसीखाली. आणि हार्डेस्ट ही अवघड पातळी लावली की कॉम्प्युटर हुशार होत नसे, त्याला फुकट रिसोर्सेस मिळायचे. याला तुम्ही लक्षाची परीक्षा म्हणता?

भाच्याला दिला होता खेळायला. वय १४. बारा मिनिटांनी म्हणाला, "मामा, लढाई कधी सुरू होते?" मी म्हटलं, अजून दहा मिनिटं. पोट्टा उठून गेला. त्यानंतर मी कोणाला आग्रह केला नाही.

पोट्टा २००४:
काका, माझा जन्मच गेमच्या पाच वर्षांनंतरचा. मी कोणतं कॉलेज उकरून राहिलो? नॉर्वेच्या 'द वायपर' या प्रो खेळाडूचे गेम बघून बघून शिकलो. 'रेड बुल वोलोलो' या एओईच्या स्पर्धेची फायनल २०२२ ला हायडेलबर्गच्या किल्ल्यात झाली, स्टुडिओत नाही, खऱ्या दगडी किल्ल्यात. मेलेल्या गेमसाठी कोण किल्ला घेते?

तेराचा हिशोब जुना झाला. आता चाळीसच्या वर आहेत. एकट्या 'इंडियन्स'चे २०२२ मध्ये चार झाले: हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड, बंगाली. अन् डेफिनिटिव्ह एडिशनचा, म्हणजे नव्या आवृत्तीचा एआय फुकट काही घेत नाही, तरी मले एक्स्ट्रीमवर हाणते.

सावजी रस्सा:
चार झाले आणि त्यात मराठे नाहीत. यावर कोणी धागा काढणार का?

पोट्टा २००४:
गेम १६०० च्या आसपास संपतो भाऊ. मराठे पाहिजे तर 'एम्पायर: टोटल वॉर' घ्या, २००९ पासून आहेत तिथं.

कूलरची हवा:
@पोट्टा, तुझं स्मरणरंजन उसनं आहे, एवढाच फरक. काकांकडून घेतलेलं.

खामल्याचा दाद्या:
नाना, लक्षाच्या गोष्टी तू सांगून राहिला? आठवते का २००५? अरेबियाचा नकाशा, नो रश वीस मिनिटं, म्हणजे तोवर कोणी अ‍ॅटॅक करायचा नाई. तुया सोन्याच्या खाणीले लागून मी अख्खा कॅसल उभा केला तरी तुले दिसला नाई. साहेब एका हातानं तर्री पोहे खाऊन राहिले होते. मंग 'चीटिंग चीटिंग' करत कॅफेवाल्याकडे गेला, जसा काई तो हायकोर्टाचा जज.

महालातला नाना:
तू इथंही आलास! मग सगळ्यांसमोर विचारतो. नो रशमध्ये दुसऱ्याच्या अंगणात कॅसल टाकणं हा अ‍ॅटॅक आहे की नाही? ६५० दगड काय मंदिर बांधायला जमवले होते? आणि हरणाऱ्यानं सगळ्यांचे पैसे द्यायचे ही अट तुझीच. माझे साठ रुपये गेले. त्या महिन्यात मी पेट्रोल टाकलं नाही, सायकलनं कॉलेजला गेलो.

खामल्याचा दाद्या:
फाउंडेशन, म्हणजे नुसता पाया टाकणं, अ‍ॅटॅक नाई होत. बाण वीस मिनिटांनंतर सुटले. दोनच विलेजर लावले होते, मुद्दाम, की पुरा वीसच्या नंतर व्हावा. याले प्लॅनिंग म्हणतात बे. अन् करार-करार काय करतो? आपल्या नागपूरच्या राजानं, अप्पासाहेब भोसल्यांनी नव्हता मोडला इंग्रजाचा करार? त्याईले चीटर म्हणतो काय तू?

पोट्टा २००४:
हिशोब केला. कॅसलले एक विलेजर असला तर २०० सेकंद, दोन असले तर १५०. दाद्याकाका, फाउंडेशन कितव्या मिनिटाले टाकलं होतं?

खामल्याचा दाद्या:
अठराव्या. एफ-११ लावून बसलो होतो, घड्याळ समोर होतं.

पोट्टा २००४:
मंग २०:३० ला पुरा झाला. काका बरोबर आहेत.

महालातला नाना:
सतराव्या मिनिटाला टाकला होता. म्हणजे १९:३० ला पुरा. म्हणजे करार मोडला. वा रे पोट्ट्या, तुझ्या गणितानंच सिद्ध झालं.

अजनी यार्ड:
रेकॉर्डिंग असेल तर टाका, विषय संपेल. नसेलच म्हणा, आणि असून उपयोगही नाही. या गेममध्ये घोडा कुठं आहे, किती मेला, हे नेटवर्कवरून जातच नाही. जातो तो फक्त हुकूम: अमुक माणूस तमुक ठिकाणी. प्रत्येक कॉम्प्युटर अख्खी लढाई स्वतः चालवतो. म्हणून पहिल्या एज ऑफ एम्पायर्सपासूनच हे २८.८ च्या मोडेमवर चालायचं, आणि म्हणूनच एका मशीनचा हिशोब तसूभर चुकला की 'आउट ऑफ सिंक'. रेकॉर्डिंगमध्येही नुसते हुकूमच असतात. नव्या व्हर्जनचे नियम बदलले की जुने हुकूम भलतीच लढाई लढतील.

यात सगळे सर्वांत मंद मशीनच्या चालीनं चालतात. आमच्या कॅफेत कोपऱ्यातला तीन नंबरचा पीसी तसा होता. त्यावर जो बसेल त्याला सात जणांच्या शिव्या. मी नेहमी उशिरा पोहोचायचो, त्यामुळे तीन नंबर माझाच. आजही कोणी 'स्लो आहे' म्हटलं की मी आधी मागे वळून बघतो.

जुनी शुक्रवारी:
मी गेम खेळत नाही. अप्पासाहेबांचं नाव दिसलं म्हणून थांबलो आणि वाचून डोकं तापलं.

मे १८१६ चा तैनाती फौजेचा तह दोन मित्रांनी पोहे खाता खाता ठरवला नव्हता. फौज इंग्रजांची, खर्च नागपूरच्या तिजोरीतून. त्या तहाविरुद्ध नोव्हेंबर १८१७ मध्ये माणूस उभा राहिला, त्याला तुम्ही साठ रुपयांच्या भांडणात साक्षीला बोलावता? तुलना करायचीच असेल तर नीट करा. दुसऱ्याच्या हद्दीत बसून 'आम्ही काहीच केलं नाही' म्हणणारा अप्पासाहेब नसतो, तो नागपुरातला इंग्रजांचा रेसिडेंट जेन्किन्स असतो. म्हणजे दाद्या, तुम्ही जेन्किन्स.

सीताबर्डीची लढाई २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झाली आणि २७ ला संपली. तिथल्या टेकड्या दोन, इंग्रज वर. लहान टेकडी भोसल्यांच्या अरब शिपायांनी सकाळी घेतलीही होती, टिकली नाही. पुढं डिसेंबरात शहराच्या जुम्मा दरवाज्यावर इंग्रजांचा हल्ला फसला आणि अरब अटी ठरवूनच बाहेर पडले. जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. 'महालातला नाना' रोज त्याच्याखालून जात असतील, मान वर करून कधी बघितलं का?

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनदा उघडतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. मागच्या खेपेला माझा मुलगा तोफेजवळ फोटो काढून आला आणि मला विचारतो, बाबा, मॅच कोण जिंकलं.

खामल्याचा दाद्या:
मले जेन्किन्स म्हणते! नाना, हे तुयेच पाहुणे नं?

पोट्टा २००४:
काका, हे तर सरळ हिल बोनसचं प्रकरण आहे. आमच्या गेममध्ये वरून मारलं तर मार सव्वापट, खालून वर मारलं तर पाऊणपट. भोसल्यांकडे माणसं कितीतरी जास्त होती नं? तरी काहून हरले ते मले शाळेत कोणी सांगितलं नाही.

जुनी शुक्रवारी:
लढाया गुणाकारानं होत नाहीत. इंग्रजांच्या कॅप्टन फिट्झजेराल्डनं ऐन वेळी घोडदळ घातलं, ते तुमच्या सव्वापटीत कुठं बसतं?

(पाऊणपट मात्र अगदीच चुकीचं नाही. टेकडी चढून बघितली आहे मी.)

कूलरची हवा:
धागा गेमचा होता ना? की शाळेची सहल निघाली? आतापर्यंत पुरावा म्हणून आलेलं साहित्य: एक जळका कॅसल, साठ रुपये, तीन नंबरचा पीसी. स्मरणरंजन नाही म्हणे.

अनुस्वार:
तुम्हा पुरुषांचं संपलं असेल तर बोलते.

आमच्या घरी एक कॉम्प्युटर आणि एक दादा. माउस त्याचा. मला शेजारी स्टूल आणि कीबोर्डावरचं एकच बटण: पूर्णविराम. ते दाबलं की रिकामा विलेजर सापडतो. मी ओरडायचं, "दादा, एक उभा आहे", तो म्हणायचा, "टाक शेतावर". तेव्हा शेत संपलं की परत पेरावं लागायचं, २००० च्या 'कॉन्करर्स' या पुरवणी भागानंतर गिरणीत रांग लावता यायची. ती रांगही माझ्याकडे. लढाई त्याची, कॅसल त्याचे, मित्रांना सांगायचा विजय त्याचा. उन्हाळ्यात कूलरचं तोंड त्याच्याकडे, कारण त्याला घाम आला तर माउस घसरतो. मी एकदा माउस मागितला तर म्हणाला, तुला जमणार नाही, यात खूप लक्ष द्यावं लागतं.

लॉकडाउनमध्ये स्वतःच्या लॅपटॉपवर घेतला. तोवर बारा वर्षं गेमचं नावही काढलं नव्हतं. पहिल्या महिन्यात लढायांत बोंब होती, पण माझा टीसी कधी रिकामा नसायचा. मागच्या दिवाळीत दादाला हरवलं, तीनदा. चौथ्यांदा त्याला आठवलं की त्याची पाठ दुखते.

तेव्हा 'कूलरची हवा', माझं स्मरण कडू आहे, त्यात रंजन कुठून आणू? ते दिवस मला आवडत नव्हते. गेम आवडतो. आणि नाना, लक्ष पुरत नाही हा शोध तुम्हाला वीस वर्षांनी लागला. स्टुलावर बसला असतात तर पहिल्याच सुट्टीत लागला असता.

महालातला नाना:
हे लागलं. पण मान्य.

कूलरची हवा:
ठीक आहे. अनुस्वार यांच्यापुरता 'पेशंट' शब्द मागे. त्या पोट्ट्यापुरताही, अर्धा. बाकी वॉर्ड भरलेला आहे, दोघं तर साठ रुपयांसाठी अ‍ॅडमिट आहेत.

चिलखताबद्दलचं म्हणणं कायम. पाथफाइंडिंगबद्दलचंही. काल रात्री डाउनलोड करून खात्री केली, घोडे अजून दारात अडकतात. खात्री करता करता चार वाजले.

महालातला नाना:
शनिवारी रात्री दहा वाजता. अरेबिया. सगळ्यांनी या. दाद्या, नो रश वीस मिनिटं.

खामल्याचा दाद्या:
येतो. सेटिंगमधीच ट्रीटी टाक, म्हणजे गेमच वीस मिनिटं अ‍ॅटॅक करू देणार नाई, मंग माया नावानं रडू नको. अन् आधी लिहून दे, कॅसल चालते का नाई.

महालातला नाना:
नाही चालत.

खामल्याचा दाद्या:
म्हणजे नियम आज बनवून राहिला. म्हणजे २००५ मध्ये चालत होता.

महालातला नाना:
तेव्हाही चालत नव्हता. सतरावं मिनिट होतं.

खामल्याचा दाद्या:
अठरावं.

अनुस्वार:
१४