मदत हवी आहे: खाडीतल्या माझ्या कल्पित माशाला वीज कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. एका विज्ञानकथेसाठी मी 'गाळवाघ' नावाचा शिकारी मासा रचतोय. तो कोकणातल्या खाडीत, कांदळवनाच्या मुळांपाशी चिखलात दबा धरून बसतो. पाणी इतकं गढूळ की डोळे निरुपयोगी. त्यामुळे जवळून गेलेल्या कोळंबीच्या किंवा बोईच्या स्नायूंतली सूक्ष्म वीज तो ओळखतो, शार्क आणि पाकट ओळखतात तशी. इथवर ठीक.

अडलोय ते पुढे. त्याने विजेचा झटका देऊन भक्ष्य लुळं करावं असं मला वाटतं. झटका देणारी इंद्रियं स्नायूंच्या पेशींपासूनच घडली, तीही माशांच्या वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे, म्हणजे कल्पना अगदीच हवेतली नाही. पण दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या इलेक्ट्रिक ईलमध्ये हजारो पेशी एकापुढे एक जोडलेल्या असतात. एका जातीत 860 व्होल्टपर्यंत विद्युतदाब मोजला गेलाय. उलट समुद्रातल्या टॉर्पिडो पाकटात पेशींचे खांब शेजारी शेजारी असतात. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं, म्हणून तिथे दाब कमी आणि प्रवाह जास्त लागतो.

आमची खाडी मात्र मे महिन्यात खारट आणि जुलैच्या पुरात जवळजवळ गोडी! मग गाळवाघाकडे दोन्ही प्रकारची इंद्रियं असावीत का? की पावसाळ्यात त्याने वीज सोडून फक्त जबड्यावर जगावं? मला दुसरा पर्याय पटतो, कारण दोन इंद्रियं पोसायला अन्नही तेवढंच लागेल. मत्स्यशास्त्र किंवा शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्यांनी कृपया सांगा, यात मोठी चूक कुठे आहे?