वाशिष्ठीतला गाळ उपसायचा, पण येतोय कुठून ते कोण बघणार?

कोंडावरचा
22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, त्या पुरानंतर इथल्या वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायला लागले. त्याला माझा विरोध नाही. पण उन्हाळ्यात पोकलेन उतरवायचे आणि जूनमध्ये आभाळाकडे बघत बसायचं, याला उपाय म्हणायला मी तयार नाही.

नदीचा उगम तिवऱ्याच्या डोंगरात, मुख दाभोळला. सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि उतार जवळजवळ सगळा सुरुवातीलाच. घाटावरून पाणी धाडकन खाली येतं, चिपळूणजवळ सपाटी लागली की जोर मोडतो आणि सोबत आणलेली माती तिथेच बसते. शहर नेमकं त्याच जागी. खालून भरती गोवळकोटपर्यंत चढते. 2021 ला आषाढी पौर्णिमा एक-दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण. वरून लोंढा, खालून बूच. पात्र चार फूट खोल केलं म्हणून समुद्र चार फूट खाली जात नाही!

खरा मुद्दा वरचा आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक जंगल खाजगी मालकीचं. मालक कंत्राटदाराला तोड देतो, डोंगर बोडका होतो, पहिल्याच पावसात पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, लाल वाहतो. त्यात रस्त्यांसाठी डोंगर कापले. परशुराम घाटातल्या दरडी सगळ्यांनी पाहिल्यात. खर्च करायचाच तर निम्मा वरच्या पऱ्यांवर करा.

बाजारपेठेतला
दादा, तुमचं घर वर कोंडावर, म्हणजे वाडीत आहे, माझं दुकान बाजारात. 2005 ला बुडालो, 2021 ला पुन्हा बुडालो. झाडं लावा, बांध घाला, सगळं मान्य. पण ते झाड माती धरायला वीस वर्षं घेणार, तोवर मी दर पावसात माल माळ्यावर चढवू? पुलांजवळची बेटं काढल्यापासून पाणी लवकर उतरतं, हे इथे कुणालाही विचारा. पूर थांबत नसेल, पण दोन तास आधी ओसरला तरी माझ्यासारख्याचं अर्धं नुकसान वाचतं. निम्मा खर्च डोंगरावर नेलात तर पहिला मोर्चा आमचाच.

खाडीकाठची
दोघंही चिपळूणपाशी थांबलात. पुढे दाभोळपर्यंत खाडी आहे आणि तिथे माणसं राहतात. जगबुडी नदी खेडहून येऊन आमच्यातच मिळते, तिचाही गाळ आमच्याकडेच. आमचे भोई पाग (फेकजाळं) टाकतात, बायका ओहोटीला तिसऱ्या, कालवं ही शिंपलं काढतात. तिसरीला ठरावीक वाळू-चिखल लागतो. वरून सैल केलेली माती येऊन बसली की ती गुदमरते. कारखान्यांच्या सांडपाण्याने मासे तरंगतात, ते दुखणं वेगळंच. आणि रेतीचे सक्शन पंप विसरू नका. हातपाटीने पिढ्यान्‌पिढ्या वाळू काढली तेव्हा काठ ढासळत नव्हते.

कांदळवन तोडू नका, एवढं तरी करा. 2018 ला उच्च न्यायालयाने कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितलाय. खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खारजमिनीच्या, बांधाला उधाणाची धडक बसते तेव्हा पुढे तिवर, म्हणजे कांदळवनातलं झाड, उभा असला तर बांध टिकतो. नाहीतर भातात खारं पाणी.

अवजलप्रेमी
ताई, खाऱ्या पाण्याचं निघालंय म्हणून. वाशिष्ठी कोकणातल्या बाकीच्या नद्यांसारखी नाही. कोयना धरणाचं पाणी पोफळीच्या वीजघरातून कोळकेवाडी धरणात आणि तिथून कालव्याने वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेला वळवायला दिलेली मर्यादाच वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट). बाकी नद्या मे महिन्यात डबक्यांवर येतात, ही वाहत असते. म्हणून खाडीचा वरचा भाग गोड. पात्र खोल केलं तरी खारं पाणी फार वर सरकणार नाही. गाळ बिनधास्त काढा.

कोंडावरचा
बिनधास्त कसं? हेच अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, मुंबईला न्यायच्या योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. उद्या पाणी गेलं आणि पात्र मात्र खोल राहिलं, तर भरती कुठवर येईल? काठावरच्या विहिरी पहिल्या खाऱ्या होतील. एका वीज प्रकल्पाच्या भरवशावर नदीचा आकार ठरवणं मला पटत नाही.

अवजलप्रेमी
योजना कागदावर आहेत, पूर घरात येतो.

बाजारपेठेतला
हेच म्हणतोय.

खाडीकाठची
मग एवढं सांगा, काढलेला गाळ टाकणार कुठे? काठावर ढीग लावले की पहिल्या मोठ्या पावसात तो परत नदीत आणि मग आमच्याकडे. खाजणात टाकला तर कांदळवन मेलं. शेतकऱ्याला द्यायचा तर वाहतूक कोण भरणार? काम सुरू करायच्या आधी ही जागा ग्रामसभेत ठरवा. खाडीकाठच्या ग्रामसभेत, फक्त नगरपालिकेत नाही.

बाजारपेठेतला
हे मान्य. जागा दाखवा, वाहतुकीसाठी व्यापाऱ्यांकडे मी शब्द टाकतो. पण उपसा थांबवायचा नाही.