राष्ट्रीय महामार्गांचे नवे क्रमांक: सोय नकाशाची की प्रवाशाची?

जुना सतरा (धागाकर्ता)

गेल्या पावसाळ्यात माणगावच्या अलीकडे रात्री साडेनऊच्या सुमारास आमची गाडी बंद पडली. मदतीसाठी एका केंद्राला दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला तो महामार्गाच्या क्रमांकाचा. जन्मभराच्या सवयीने मी 'सतरा' म्हणालो. पलीकडच्या मुलाने थोडा वेळ संगणकावर शोधाशोध केली आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "साहेब, आपण आसाममध्ये आहात का?"

त्याचे काही चुकले नव्हते. २०१० साली देशभरातील राष्ट्रीय महामार्गांना नव्याने क्रमांक देण्यात आले. त्यात सतरा हा आकडा उत्तर बंगालमधील सेवोकहून गुवाहाटीकडे जाणाऱ्या रस्त्याला मिळाला आणि पनवेलहून कोकण, गोवा, कारवार असा दक्षिणेला उतरणारा आमचा रस्ता ६६ झाला. त्याआधी ६६ म्हणजे तमिळनाडूतील कृष्णगिरी ते पुदुच्चेरी हा रस्ता होता. मुंबई-पुणे-कोल्हापूर-बंगळूर या रस्त्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या 'एनएच फोर' म्हणत आलो, तो चार क्रमांक आज अंदमानात आहे. आग्रा रोडचा तीन अमृतसरहून मनालीमार्गे लेहला पोहोचला, धुळे-नागपूरचा सहा शिलाँग-ऐजॉलकडे गेला आणि पुणे-सोलापूरचा नऊ हरियाणा-दिल्ली-उत्तराखंडात आहे.

क्रमांक बदलले याबद्दल माझी मुळात तक्रार नाही. जुने क्रमांक निवृत्त न करता त्यांची बदली केली, ही माझी तक्रार आहे. जो आकडा कायमचा बंद झाला, तो कोणी चुकून सांगितला तर ऐकणाऱ्याला निदान तो जुना असल्याचे कळते. जो आकडा हजार-दोन हजार किलोमीटरवर पुन्हा कामाला लागला आहे, तो चुकीचे उत्तर बरोबर असल्यासारखे देतो. त्यात रस्त्याकडेच्या हॉटेलांच्या पाट्या, जुनी खरेदीखते आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडची भाषा अजून जुन्याच आकड्यांवर चालते. नव्या रचनेत नेमका कोणाचा फायदा झाला, हे कोणी समजावून सांगेल काय?

सम-विषम

धागाकर्त्यांच्या गैरसोयीबद्दल सहानुभूती आहे. मताशी मात्र पूर्ण असहमत.

जुन्या क्रमांकांत कोणतीही शिस्त नव्हती. तीन आग्र्याहून मुंबईला येत असे, चार तेथून चेन्नईला जात असे, सात वाराणसीहून नागपूरमार्गे कन्याकुमारीला आणि आठ दिल्लीहून मुंबईला. पुढे जसजसे नवे रस्ते राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर होत गेले, तसतसे पुढचे आकडे चिकटवण्यात आले. रत्नागिरी-कोल्हापूर २०४, सोलापूर-धुळे २११, कल्याण-नगर-नांदेड-निर्मल २२२. या तीन आकड्यांवरून रस्ता कोणत्या दिशेला जातो किंवा कशाला जोडलेला आहे, हे एखाद्याने सांगून दाखवावे.

नवा नियम चार ओळींत सांगता येतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम क्रमांक, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. मुख्य महामार्ग एक किंवा दोन अंकी. तीन अंकी क्रमांक म्हणजे शाखा, आणि तिचे शेवटचे दोन अंक मूळ महामार्गाचे. आता महाराष्ट्राचा नकाशा उघडून पाहा. धुळे-जळगाव-अकोला-नागपूर ५३, त्याच्या खाली कल्याण-नगर-नांदेड ६१, त्याच्याही खाली पुणे-सोलापूर-हैदराबाद ६५. नागपूरमधून उभा जाणारा ४४, त्याच्या पश्चिमेला धुळे-सोलापूर ५२, आणखी पश्चिमेला धुळे-नाशिक-पुणे ६०, आणि अगदी किनाऱ्याला ६६. रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता १६६ झाला, म्हणजे तो ६६ ची शाखा आहे हे पाटीच सांगते. चार क्रमांक अंदमानात जाणे हा विनोद नाही. सम आकडे पूर्वेकडून सुरू होतात, तेव्हा देशाच्या अतिपूर्वेला लहान सम आकडा येणार, हे उघड आहे.

क्रमांक निवृत्त करावेत ही सूचना ऐकायला चांगली वाटते, पण एक ते शंभरमधले जुने आकडे बाद केले असते तर मुख्य महामार्ग तीन अंकी आणि शाखा चार अंकी झाल्या असत्या. माणगावजवळ अंधारात, पावसात उभे राहून चार अंकी क्रमांक सांगणे आपल्याला अधिक सोयीचे झाले असते काय?

जुना सतरा

आपण दिलेल्या यादीत एक रस्ता गाळलेला दिसतो, आणि तो महाराष्ट्रातला सर्वांत वर्दळीचा आहे. मुंबई-पुणे-सातारा-कोल्हापूर हा आज ४८ आहे. नियमाप्रमाणे सम आकडे पश्चिमेकडे वाढत जायला हवेत. मग ५२ आणि ६० या दोहोंच्या पश्चिमेला असलेला रस्ता ४८ कसा? ४४, ५२, ६०, ४८, ६६ असा क्रम शाळकरी मुलाने वहीत लिहिला असता तर गुरुजींनी लाल शाई वापरली असती. शिवाय हाच ४८ बंगळूरपासून चेन्नईपर्यंत सरळ पूर्वेकडे जातो, म्हणजे सम-विषमाचा नियमही तेथे मोडतो.

सम-विषम

४८ हा जुना आठ आणि जुना चार सांधून केलेला दिल्ली ते चेन्नई असा एकच महामार्ग आहे, आणि त्याचा क्रमांक दिल्ली ते चेन्नई या संपूर्ण लांबीला मिळालेला आहे, केवळ महाराष्ट्रातील तुकड्याला नाही. जो रस्ता राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र असा पश्चिमेला फुगून पुन्हा पूर्व किनाऱ्याला जातो, त्याला कोणताही आकडा दिला तरी तो कोठे ना कोठे रांगेबाहेर जाणारच. ५२ सुद्धा पंजाबातील संगरूरहून निघून जयपूर, इंदूर, धुळे, सोलापूर करत हुबळीला ४८ ओलांडतो आणि अंकोल्याला ६६ ला मिळतो. (विदर्भातल्या वाचकांनी दचकू नये, हे अंकोला कारवारजवळचे.) रस्ते नद्यांसारखे वाकडे वाहतात, म्हणून नकाशावर रेघा मारायच्याच नाहीत, असे होत नाही.

तरीही महाराष्ट्रापुरता क्रम बिघडतो, हे मान्य करतो.

आग्रा रोडवाला

दोन्ही बाजूंच्या विद्वत्तेला नमस्कार करून विचारतो: आकड्याने रस्ता कोण विचारतो? धुळ्यात भर बाजारपेठेतला रस्ता आग्रा रोड, नाशिककर 'मुंबई-आग्रा हायवे' म्हणतात, आणि मुंबईत लालबहादूर शास्त्री मार्गाला जुने लोक आजही आग्रा रोडच म्हणतात. सारा जिल्हा या एका नावावर पत्ता सांगतो. आता त्या रस्त्याचे सरकारी तुकडे पाहा. नाशिक ते धुळे ६०, धुळ्याहून इंदूरमार्गे ब्यावरापर्यंत ५२, तेथून ग्वाल्हेरपर्यंत ४६, आणि ग्वाल्हेर ते आग्रा ४४. ज्या रस्त्याने माल भरून वडिलांचा ट्रक आयुष्यभर एकाच क्रमांकावर गेला, त्यासाठी मला आता चार क्रमांक लक्षात ठेवायचे आहेत. त्यात गंमत अशी की आशियाई महामार्ग म्हणून ग्वाल्हेर-धुळे-मुंबई-बंगळूर या सबंध पट्ट्याला ४७ असा एकच आकडा आहे. आपल्या घरच्या रचनेने जो रस्ता तोडला, तो बाहेरच्या रचनेने अखंड ठेवला!

माझे मत सरळ आहे: पाटीवर गावांची नावे मोठी असावीत आणि आकडा कोपऱ्यात.

सम-विषम

नावांवर भिस्त ठेवण्याची सूचना चुकीच्या दशकात आली आहे. उस्मानाबादचे धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले (आणि वर मी स्वतः सवयीने 'नगर'च लिहिले आहे). धुळे-सोलापूर मार्गावरच्या परप्रांतीय चालकाला मध्ये लागणाऱ्या एकाच शहराची दोन नावे माहीत असावी लागतात. क्रमांक याचसाठी असतो.

जुना सतरा

नावे बदलतात म्हणून क्रमांक हवा, आणि क्रमांकही बदलले. मग राहिले काय?

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो. आंतरराज्य महामार्गांचे आकडे येथेही सम-विषमच आहेत, पण उलटे: उत्तर-दक्षिण विषम, पूर्व-पश्चिम सम. येथे पाटीवर क्रमांकाखेरीज दिशाही लिहिलेली असते, '९५ उत्तर' किंवा '९५ दक्षिण' अशी. भारतात ही पद्धत रुजलेली नाही आणि माझ्या मते खरी उणीव तेथे आहे. 'कोल्हापूर' असे लिहिलेली पाटी कागल किंवा निपाणीला जाणाऱ्याला पुरते. ज्याला धारवाड गाठायचे आहे आणि वाटेतली गावे माहीत नाहीत, त्याला '४८ दक्षिण' हे अधिक उपयोगी पडेल.

परंतु शिस्त असली की गोंधळ संपतो, असेही समजू नये. फिलाडेल्फियाकडून ९५ वरून उत्तरेला निघालेला प्रवासी डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनच्या वरच्या अंगाला आला की वळण न घेता, लेन न बदलता '२९५ दक्षिण' या रस्त्यावर जाऊन पडत असे. मधला जोडरस्ता १९८० च्या दशकात स्थानिक विरोधामुळे रद्द झाला होता, आणि ९५ चा पुढचा भाग दूर पूर्वेला टर्नपाइकवर, म्हणजे पथकराच्या महामार्गावर, पुन्हा सुरू होत असे. ही तूट २०१८ साली पेनसिल्व्हेनियात दोन रस्ते जोडून बुजवली, आणि तेव्हा येथेही काही मैलांचा क्रमांक बदलावा लागला. व्हर्जिनियात विथव्हिलजवळ तर ७७ आणि ८१ काही अंतर एकत्र धावतात. तेथे गाडी एकाच वेळी '८१ उत्तर' आणि '७७ दक्षिण' असते, आणि प्रत्यक्षात ती जवळजवळ पूर्वेला चाललेली असते. माझ्या आईला हे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपण पोचणार की परतणार?"

दगडमोज्या

बरीच वर्षे रस्त्यांच्या कामांवर काढली आहेत, म्हणून लिहितो. धागाकर्त्यांचा प्रश्न क्रमांकाचा कमी आणि किलोमीटरच्या दगडाचा जास्त आहे.

क्रमांक अधिसूचनेने एका दिवसात बदलतो. साखळी, म्हणजे रस्त्यावरचे अंतराचे मोजमाप, तसे बदलत नाही. त्यावर पूल, मोऱ्या, भूसंपादन, ठेकेदारांची देयके, अपघातांच्या नोंदी, सगळे बांधलेले असते. पुणे-सातारा सहापदरीकरणाचे काम किलोमीटर ७२५ ते ८६५.३५० असे नोंदले गेले. साताऱ्याच्या टोकाला ७२५ आणि पुण्याच्या टोकाला ८६५, म्हणजे मोजणी दक्षिणेकडून वर येते. त्याखालचा सातारा-कागल टप्पा ५९२.२४० ते ७२५. ही जुन्या चारची मोजणी आहे. दिल्ली ते चेन्नई असा जो नवा ४८ सांगितला जातो, त्याच्या आरंभापासूनच्या अंतराशी या आकड्यांचा काहीही संबंध नाही. हा रस्ता नवा क्रमांक डोक्यावर घेऊन जुन्या पायांनी चालतो आहे, आणि सम-विषम यांच्या सुंदर नियमात या गोष्टीला जागाच नाही.

मदत मागताना पाहायचा असतो तो पिवळ्या डोक्याचा दगड, नाहीतर दुभाजकालगतची अंतराची छोटी पाटी. १०३३ या राष्ट्रीय महामार्गांच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी केल्यास क्रमांकात चूक झाली तरी किलोमीटर आणि जवळचे गाव सांगितले की माणूस सापडतो.

सम-विषम

हे मला ठाऊक नव्हते. मात्र याचा निष्कर्ष मी उलटा काढीन: साखळी जुनी राहिली म्हणजे फेररचना अर्धवट राहिली, चुकीची ठरत नाही.

जुना सतरा

अर्धवट फेररचनेत अडकलेल्या माणसाला ती पूर्ण झाल्यावर किती सुरेख दिसेल, हे सांगून उपयोग काय? दगडमोज्या यांची सूचना मात्र उपयोगी आहे. त्या रात्री मी दगड शोधला होता. तो सापडलाही, पण चौपदरीकरणाच्या खोदकामात उपटून गटाराशेजारी आडवा टाकलेला होता, आणि आकडे असलेली बाजू खाली होती.