पाय उडाला, विषय संपला? (बागाईतदार यांना उत्तर)

टकोरा:
काल बागाईतदार यांनी व्यायामाच्या धाग्यावर पिंक टाकली: "रिफ्लेक्स मोजायला स्नायूवर ईएमजीचे (स्नायूतली वीज टिपणारे) पट्टे पुरेत. जिवंत माणसाच्या नसेत सुई खुपसून संदेश ऐकणं हे अनुदान लाटायचे धंदे. हातोडी मारली, पाय उडाला, विषय संपला." झोपताना वाचलं आणि झोपेचं खोबरं झालं.

अहो, ईएमजीत दिसतो तो मज्जारज्जूने दिलेला निकाल. फिर्याद काय होती ते त्यात दिसत नाही. प्रतिसाद बारीक आला तर स्पिंडलने (स्नायूतला ताण टिपणाऱ्या अवयवाने) कमी पाठवलं की मज्जारज्जूने कानाडोळा केला? एच-रिफ्लेक्सचं नाव काढू नका. तिथे नसेला थेट शॉक देतो आपण, स्पिंडलला विचारतो कोण!

हंगेरीच्या डॉक्टर येन्द्रासिकची युक्ती घ्या, १८८५ची. पेशंटला बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा, गुडघा जास्त उडतो. का? हातोडीच्या प्रतिसादातून एच-रिफ्लेक्स वजा करून, उरलं ते स्पिंडलचं असं धरून, लोकांनी ठरवलं की गॅमा तंतू (मज्जारज्जूतून स्पिंडलकडे जाणारे) स्पिंडलला कडक करतात. मीही परीक्षेत हेच लिहून मार्क घेतलेत. पुढे नसेत सुई ठेवून ऐकलं, तर स्नायू ढिला असताना स्पिंडलचा संदेश वाढतच नव्हता. पाय मात्र जास्त उडतोय. म्हणजे फरक मज्जारज्जूत पडतो. ही वजाबाकी चुकली हे पट्ट्यांवरून कसं कळलं असतं, सांगा.

बागाईतदार:
निबंध छान. पण नसेत हजारो तंतू, तुमची सुई ऐकणार एक-दोन. त्यावरून अख्ख्या मज्जारज्जूचा निवाडा? आणि हातोडी मारली की पाय हलतो, पाय हलला की सुई सरकते. मग मोजलं काय, धक्का? मी ईएमजी मशीनवर अकरा वर्षं काढली आहेत, बाई. फुकटचं ज्ञान नको.

सातपूरची_शिफ्ट:
मायक्रोव्होल्टचा सिग्नल ना? आमच्या शेडमध्ये मिलिव्होल्टच्या सेन्सरवर पन्नास हर्ट्झची गुणगुण यायची. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला होता, दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं तेव्हा कुठे ग्राफ सरळ झाला. तुमच्या लॅबचं अर्थिंग बघतं कोण?

टकोरा:
सुई सरकते, मान्य. म्हणून तर एक तंतू हाती लागायला तास-तास जातो. पद्धत बसवली स्वीडनमध्ये उप्सालाला, साठच्या दशकात, हॅगबार्थ आणि वाल्बो यांनी. टंगस्टनची सुई, टोक काही मायक्रॉनचं, आणि पहिले बकरे ते स्वतःच. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाच्या गोळ्याखाली नस हाताला लागते, पुष्कळदा तीच धरतात. पंगतीत मांडी घालून पाय झोपतो ना, तीच.

आणि एक-दोन तंतूच कशाला, अख्ख्या जुडग्याचा आवाजही ऐकता येतो. त्यातूनच कळलं की टकोऱ्याने एक टोकदार ठोका जात नाही, पांगलेली लाट जाते. म्हणून 'एकच सिनॅप्स' (स्पिंडलचा संदेश मज्जारज्जूत एकच सांधा ओलांडतो) हे पाठ केलेलं वाक्य जपून वापरायचं. अकरा वर्षं मशीनवर काढली म्हणजे अकरा वर्षं निकालच वाचलेत तुम्ही.

बागाईतदार:
तोंड सांभाळून. फिजिओंनी मला मशीन शिकवू नये.

निफाडची_लेक:
तुमचं भांडण चालू द्या. माझा राग वेगळाच आहे. आबांना वीस वर्षं साखर. जानेवारीत घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात, आबा रात्री तिथेच बसले. सकाळी तळव्याला हा एवढा फोड, आणि त्यांना पत्ताच नाही! नाशिकला नेलं. डॉक्टरांनी मोजासुद्धा काढला नाही, थेट एनसीव्ही (नसेतल्या संदेशाचा वेग मोजायची टेस्ट) लिहून दिली. गारठलेल्या पायावरच टेस्ट, रिपोर्ट 'वेग कमी'. दुसरीकडे पाय शेकून केली, तर नॉर्मल. दोनदा पैसे. हातोडी नावाची वस्तू डॉक्टरांकडे उरलीय का?

कट्टेकरी:
+१. माझ्या कंबरेला एमआरआय, कंबरेला हात कोणीही लावला नाही.

सातपूरची_शिफ्ट:
हातोडी आहे, तिचं बिल करता येत नाही.

बागाईतदार:
दोष मशीनचा नाही, चालवणाऱ्याचा. पाय एक अंश गार झाला की वेग साधारण दोन मीटर प्रति सेकंदाने पडतो. त्वचेचं तापमान न बघता टेस्ट करणाऱ्याला मी खोलीबाहेर काढला असता. पण ताई, दुसरा रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग नस ठीक आहे.

निफाडची_लेक:
ठीक असती तर फोड कसा आला हो? आबांनी हौसेने भाजून घेतलं का?

टकोरा:
दोन्ही खरं असू शकतं. चटका कळवतात ते बारीक तंतू, एनसीव्ही बघते जाड तंतू. स्पिंडलचे तंतूही जाडच, त्यामुळे घोट्याचा रिफ्लेक्स शाबूत राहूनही तळवा भाजू शकतो. उलट म्हातारपणी आजार नसतानाही कधीकधी घोटा उडत नाही. तेव्हा हातोडीलाही देव्हाऱ्यात बसवू नका. आबांचे पाय रोज रात्री तुम्ही बघा, त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. टाचणी आणि गरम-गार तपासणारा डॉक्टर शोधा.

आणि बागाईतदार, हे बारीक तंतू एकेक करून ऐकता येतात ते कशाने? त्याच सुईने.

बागाईतदार:
वा! म्हणजे आबांना आता उप्सालाला न्यायचं?

टकोरा:
नाही. ती संशोधनाची गोष्ट आहे. ओपीडीत करा असं मी कधीच म्हटलं नव्हतं. 'अनुदान लाटायचे धंदे' हे शब्द तुमचे.

बागाईतदार:
बरं, 'धंदे' मागे घेतो. बाकी एक अक्षर नाही. रात्री पोराला बोटं अडकवून ओढायला लावली आणि गुडघ्याच्या वाटीखाली टकोरा मारला. उडतो खरा, माझ्या चहाचा कप गेला. तुमच्या गॅमाचं काय ते तुम्ही बघा.

ताई, शेकोटीजवळ आबांना बूट घालायला लावा.

निफाडची_लेक:
घालतील तर ना. द्राक्षाच्या बागेत चप्पल घातलेली मी त्यांना पाहिलेली नाही.

सातपूरची_शिफ्ट:
अर्थिंगचं अजून कोणी सांगितलं नाही.