सीएसआरमध्ये मेंढपाळ कुठं बसतो?

पारनेरकर: ढवळपुरी, पारनेर भागातले मेंढपाळ दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. आता वाटेत बघाल तिथं कारखाने, चराऊ रान गेलं, पाणवठ्याची वाट कंपाउंडात गेली. कंपन्या सीएसआर, म्हणजे कायद्यानं ठरवलेला समाजासाठीचा खर्च, करतात, नाही असं नाही, पण काय तर शाळेला बेंच, गावाला कमान, आरओ प्लांट. वाड्यावरच्या, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामावरच्या, बाईला कोणी विचारलंय का? ती म्हणेल मेंढरांना पाणी द्या आणि रात्री मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, लावायला जागा द्या. दरवर्षी येणाऱ्या मेंढपाळांना सीएसआरमध्ये धरलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

ताळेबंद: कळकळ पटते, पण कायदा बघा. कंपनी कायदा 2013, कलम 135. नेटवर्थ 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी, यातलं एक तरी असेल तरच लागू, मग तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सीएसआरवर खर्च करायचे. छोटी युनिटं यात येतच नाहीत. शिवाय जमीन सरकारनं संपादन करून दिलीय, तर भरपाई सरकारकडं मागा ना. आणि आज इथं उद्या तिथं असणाऱ्या माणसासाठी प्रोजेक्ट करायचा कसा, ऑडिटला दाखवायचं काय?

पारनेरकर: दाखवायला भरपूर आहे. सीएसआर कशावर करता येतो त्याची यादी त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, तिच्यात पशुकल्याण आहे, आणि 135 मध्येच स्थानिक भागाला प्राधान्य द्या असंही लिहिलंय. पावसाळ्याआधी आंत्रविषार आणि पीपीआर या मेंढरांच्या रोगांची लस, वाटेवर पाण्याचे चार हौद. किती मेंढरांना टोचलं ते मोजता येतं की! आणि आज इथं उद्या तिथं म्हणून हक्क नाही हे तर अजिबात पटत नाही, वनहक्क कायद्यानं 2006 लाच भटक्या पशुपालकांची हंगामी चराई मान्य केलीय.

ताळेबंद: ती जंगलापुरती, एमआयडीसीच्या प्लॉटवर नाही चालत. लसीचं मात्र मान्य, ते होऊ शकतं.

वाड्यावरची: मी धनगराच्या घरातली, एक सांगू का, हौद बांधाल पण ओढ्यात केमिकलचं पाणी सोडणं थांबणार आहे का? आमची मेंढरं त्याच ओढ्यावर जातात. आणि सांडपाणी शुद्ध करणं हे कायद्यानं बंधनकारकच आहे, त्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. आधी ते करा, मग हौदावर कंपनीचं नाव लिहा.

नवीपिढी: मीही धनगरच, आणि मला हे सगळं उलटं वाटतं. किती दिवस पोरांना उन्हातान्हात मेंढरांमागं फिरवायचं? शिक्षण अर्धवट, रात्री लांडग्याची भीती, चोरांची भीती. आयटीआयची फी भरा, त्याच कारखान्यात कायम नोकरी द्या. हौद नको आम्हाला.

वाड्यावरची: पोराला नोकरी लागेल रे, आईबापाचं काय? ज्यांची सगळी पुंजी शे-दीडशे मेंढरं आहेत, शेतात खतासाठी मेंढरं बसवली की शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो, कोकरं विकून लग्नं होतात, ते पन्नाशीत कुठल्या गेटवर कामाला लागणार? फी पण भरा आणि हौद पण बांधा, दोन्हीत भांडण कशाला लावतोस.

नवीपिढी: पैसा मर्यादित असतो ताई, म्हणून लावतोय. दोन्हीतलं एकच होणार असेल तर मी फीच म्हणेन.

पारनेरकर: मग ते वाड्यांवर जाऊन ठरवा. मे-जूनमध्ये सगळे परत आलेले असतात, कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी तेव्हा गावात बैठक लावावी, बायकांना पण बोलवावं. सध्या ग्रामपंचायतीला पत्र जातं आणि तिथं मेंढपाळांच्या बाजूनं बोलणारं कुणीच नसतं.